शेवटचं पान आधी वाचलं तर?

कुडचड्याहून कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीचं पत्र आलंय. थोडक्यात असं: "सर, मला रहस्य-थरार कादंबऱ्या आवडतात, पण नीट वाचता येत नाहीत. पन्नास-साठ पानांत नावांचा गोंधळ होतो. मग राहवत नाही आणि मी शेवटचं पान उघडते. कधी उलटं होतं, अर्ध्यावरच खुनी कळतो आणि उरलेलं पुस्तक ओझं वाटतं. आई म्हणते, हे वाचून काय मिळणार आहे? या कादंबऱ्या वाचायची काही रीत असते का? आणि सुरुवात कुठून करू?"

बाय, नीट वाचता येत नाहीत म्हणणारी तू पहिली नाहीस. फोंडा तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात, देवघेवीच्या टेबलामागे माझी एकतीस वर्षं गेली. त्या खुर्चीवरून एक गोष्ट रोज दिसायची. कवितासंग्रह जसा गेला तसाच परत यायचा. चरित्राच्या पहिल्या चाळीस पानांवर बोटांचे डाग, पुढे सगळं कोरं. रहस्यकादंबरी मात्र शेवटून फाटते. शेवटची दहा पानं शिवणीतून सुटलेली, कारण निम्मे वाचक पुस्तक हातात पडलं की तिथेच उभ्याउभ्या शेवट चाळतात आणि मग घरी नेतात. माझ्या टेबलाच्या खणात तारखेचा शिक्का, डिंकाची बाटली, अबोलीचा सुकलेला गजरा, खोडरबर आणि सुटलेल्या पानांचा एक गठ्ठा कायम असायचा. कुठलं पान कुठल्या पुस्तकातलं हे शोधणं, ही माझी पहिली गुप्तहेरगिरी.

तेव्हा शेवटचं पान आधी वाचणं हा गुन्हा नाही. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाचकांना कथा दिल्या आणि काहींना शेवट आधीच सांगून टाकला. ज्यांना शेवट ठाऊक होता त्यांना त्या कथा सरासरीनं जास्तच आवडल्या, रहस्यकथासुद्धा. मला हे अर्धंच पटतं. त्या लघुकथा होत्या, एका बैठकीत संपणाऱ्या. तीनशे पानांची कादंबरी आठवडाभर सोबत राहते. फेरीबोटीची वाट पाहताना, रात्री दिवा घालवल्यावर ती डोक्यात घोळत असते, आणि हे घोळणं शेवट माहीत असलेल्याच्या वाट्याला येत नाही. शिवाय चांगली कादंबरी तू पुन्हा वाचशीलच, तेव्हा शेवट माहीत असणारच आहे. न कळलेलं वाचन एकदाच मिळतं.

नावांचा गोंधळ सोपा आहे. पुस्तकात एक कोरी चिठ्ठी ठेव. तिच्यावर नाव, मेलेल्या माणसाशी नातं, आणि त्या वेळी तो कुठे होता, एवढंच लिहायचं. चेहरेपट्टी, वय, कपडे लिहीत बसू नकोस. आणि शेवटी एक चौथा रकाना ओढ: हे आपल्याला कोणी सांगितलं. ‘भाचा त्या वेळी माडांच्या बागेत होता’ हे वाक्य लेखकानं स्वतः निवेदनात लिहिलंय, की भाच्यानं स्वतःबद्दल सांगितलंय, की कामवालीनं ऐकलेलं सांगितलंय? निम्म्या कादंबऱ्या या चौथ्या रकान्यातच फुटतात. पहिली पन्नास पानं मात्र एका बैठकीत वाच, भले दुपारची झोप गेली तरी चालेल. बसमध्ये सात-सात पानं वाचलीस तर माणसं डोक्यात बसणारच नाहीत, यात लेखकाचा दोष नाही.

आणि झोपायचं असेल तर प्रकरणाच्या मध्यावर थांब. ‘हे प्रकरण संपलं की झोपते’ म्हणणारे पहाटेपर्यंत जागे राहतात. प्रकरणाच्या शेवटी दार वाजतं, फोन येतो, दिवे जातात; तुला जागं ठेवायलाच ते तिथे असतात.

रहस्य आणि थरार हे दोन शब्द तू जोडून लिहिलेस. पुस्तकाच्या पाठीवरही तसेच छापतात, पण दोन्ही वाचण्याची तऱ्हा वेगळी आहे. जत्रेतलं रात्रीचं नाटक आठव. खलनायक सुरा घेऊन पडद्याआड उभा आहे. आपल्याला दिसतो, राजाला दिसत नाही. पुढे चटईवर बसलेली म्हातारी न राहवून ओरडते, "फाटीं पळय रे!", मागे बघ रे! हा थरार. आपल्याला जास्त माहीत आहे आणि काही करता येत नाही. दुसऱ्या नाटकात पडदा वर जातो तेव्हा राजा मरून पडलेला असतो आणि दरबारातले सगळे रडत असतात. हे रहस्य. आपल्याला सगळ्यांपेक्षा कमी माहीत आहे. थरारपटांचा दिग्दर्शक हिचकॉक हेच टेबलाखालच्या बॉम्बवरून समजावून सांगायचा: बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का, आधी दाखवून ठेवला तर पंधरा मिनिटं जीव टांगणीला.

थरारकादंबरी भरभर वाचायची. तिथे चिठ्ठी नको, पेन्सिल नको. रहस्यकादंबरी सावकाश. ‘अर्ध्यावरच खुनी कळला’ असं तू म्हणतेस, त्यातल्या काही पुस्तकांत तो लेखकानंच तुला मुद्दाम कळू दिला असणार. पुढची दीडशे पानं ‘आता हा पकडला कसा जाणार’ यासाठी होती आणि तू ‘कोण’ शोधत बसलीस.

आता मुख्य गोष्ट. इतक्या वर्षांत मी एकच निष्कर्ष काढलाय: खुनी ओळखण्याच्या मागे लागणारा वाचक बहुतेक वेळा हरतो, आणि जिंकला तरी त्याला मजा येत नाही. आठ माणसांतून एकावर बोट ठेवणं हा मटका आहे, आठात एकदा लागणारच. पाहायचं ते असं, की लेखकानं आपलं लक्ष नेमकं कुठल्या ओळीवरून उडवलं.

कारण रहस्यकथेत एक करार असतो. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज पाद्रीनं या प्रकाराचे दहा नियम लिहून काढले. गुन्हेगार कथेत सुरुवातीलाच यायला हवा, दैवी चमत्कार चालणार नाही, गुप्त खोली किंवा भुयार एकापेक्षा जास्त नको, जुळी भावंडं आणायची तर वाचकाची आधी तयारी करायची, हेराला सापडलेला सुगावा वाचकापासून दडवायचा नाही. माणूस पाद्री, आणि बंदी घातली चमत्कारावर, याची मला फार गंमत वाटते. हे नियम पुढे अनेकांनी मोडले, झकास मोडले, पण मूळ करार टिकला. लेखकाला सगळं तुझ्यासमोर ठेवावं लागतं. त्यामुळे लपवायला त्याच्याकडे एकच जागा उरते: तुझ्या डोळ्यांसमोर.

त्याच्या युक्त्या तशा थोड्याच आहेत. महत्त्वाची वस्तू यादीच्या मधोमध टाकायची, कारण आपण यादीचं पहिलं आणि शेवटचं लक्षात ठेवतो. सुगावा दिला की लगेच गलका करायचा. कोणीतरी किंचाळतं, कपबशी फुटते, आणि आपण त्या आवाजामागे धावतो. खरी माहिती अशा तोंडी घालायची की जिथे आपण हसून सोडून देतो: अर्धवट ऐकू येणारी आजी, फेणी चढलेला शेजारी, सारखं बडबडणारं पोर. आणि सगळ्यांत जुनी, सगळ्यांत हमखास युक्ती म्हणजे सुगावा गुन्ह्याच्या आधीच देऊन टाकायचा, जेव्हा आपण अजून सावध झालेलो नसतो.

उदाहरण मीच रचून देईन, म्हणजे कुठल्या पुस्तकाचं रहस्य फुटायला नको. समज, पहिल्या प्रकरणात आपल्याकडच्या एका जुन्या घरातली सकाळ आहे. शिंपल्यांच्या खिडकीतून दुधी उजेड आत आलाय. विहिरीवर रहाट करकरतोय. लांबून पाववाल्या पोदेराच्या सायकलीचा भोंगा ऐकू येतो, तो फाटकाशी थांबतो, गजाला अडकवलेल्या कापडी पिशवीत पाच उंडे टाकतो आणि पुढे जातो. मांजर पायरीवर अंग ताणतं. तू म्हणतेस, वा, काय छान वातावरण! चाळीस पानांनंतर इन्स्पेक्टर विचारतो, घरात कोण कोण होतं? सगळे सांगतात, बाई एकट्याच होत्या, गेली दोन वर्षं एकट्याच राहायच्या. बरोबर. मग एकट्या म्हाताऱ्या बाईला पाच उंडे कशाला? पोदेर मनानं पाच टाकत नाही. आदल्या संध्याकाळी त्याला कोणीतरी सांगितलं होतं. म्हणजे बाईंना पाहुणे येणार हे ठाऊक होतं, आणि ‘अचानक आलो’ म्हणणारा पाहुणा खोटं बोलतोय. पाच हा आकडा तू वाचला होतास, पण भोंगा आणि मांजर यांच्यामध्ये तो विरून गेला.

मराठीत लिहिणाऱ्याला आणखी एक मोठी अडचण असते, आणि ती ज्याला कळली तो वाचक निम्मी लढाई जिंकतो. इंग्रजीत ‘रात्री कोणी पाहुणा आला’ हे पुरुष की बाई ते न सांगता शंभर पानं चालवता येतं. आपल्याकडे क्रियापदच चुगली करतं. आला, आली, आल्या, आलं. म्हणून मराठी रहस्यकथेत अंधारातून ‘ती व्यक्ती’ चालत आली, ‘एक आकृती’ सरकली, ‘सावली’ हलली, की समजायचं, लेखक काहीतरी दडवतोय. हे तिन्ही शब्द स्त्रीलिंगी, त्यामुळे आतला माणूस कोणीही असला तरी क्रियापद ‘आली’च राहतं. भुंड्या माळावर अचानक ‘व्यक्ती’ अवतरली की पेन्सिल उचल. रोजच्या बोलण्यात आपण कधी ‘व्यक्ती आली’ म्हणतो का?

प्रथमपुरुषी निवेदनात तर हे आणखी अवघड. तू पत्रात मला ‘सर’ म्हटलंस, आणि मी मुद्दाम गप्प बसले.

हो, बसले. आता वर जाऊन बघ. इथवरच्या सगळ्या मजकुरात मी पुरुष की बाई हे सांगणारं माझं एकही क्रियापद नाही. ‘मी निष्कर्ष काढलाय’ म्हटलं तर क्रियापद निष्कर्षाच्या मागे जातं, माझ्या नाही. ‘मला वाटतं’, ‘मी देईन’ यांतूनही काही कळत नाही. ‘मी गेले’, ‘मी म्हणते’ असं एकदा जरी लिहिलं असतं तरी पितळ उघडं पडलं असतं. एखादी कादंबरी ‘मी कुलूप काढलं, मी दिवा लावला, मी पत्र वाचलं’ अशी सकर्मक भूतकाळातच चालत राहिली आणि निवेदक कुठेही ‘गेलो’, ‘थांबलो’, ‘घाबरलो’ म्हणत नसेल, तर लेखक घाम गाळून काहीतरी लपवतोय हे नक्की. सुगावा दिला नाही असं मात्र म्हणू नकोस. माझ्या टेबलाच्या खणात तो होता, यादीच्या मधोमध, डिंकाच्या बाटलीशेजारी.

अनुवादित पुस्तकांत याची वेगळीच गंमत होते. इंग्रजीतला ‘अंकल’ मराठीत आला की अनुवादकाला काका, मामा, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान यांतून एक उचलावाच लागतो. ‘कझिन’चं तसंच: चुलत, मामे, आते, मावस. मूळ लेखकाला जे संदिग्ध ठेवायचं होतं ते इथे ठरून जातं. काका म्हटलं की आडनाव एक, मामा म्हटलं की वेगळं, आणि रहस्य आडनावावर टेकलेलं असलं की संपलंच. आमच्या शनिवारच्या वाचनकट्ट्यात एका अनुवादात दहाव्या प्रकरणापर्यंत काका असलेले गृहस्थ बाराव्यात मामा झाले. आमच्यातल्या एका निवृत्त मास्तरांनी ते लगेच पकडलं आणि दोन आठवडे ठासून सांगत राहिले की हा मनुष्य तोतया आहे. तो तोतया नव्हता, अनुवादकाची डुलकी होती. मास्तरांचा तर्क पुस्तकातल्या उलगड्यापेक्षा सरस होता, हे आम्ही सगळ्यांनी मान्य केलं.

मूळ मराठी पुस्तकात मात्र ‘तू-तुम्ही’ आणि ‘ती-त्या’कडे डोळे लावून बस. ‘त्या बाईंना मी एकदाच पाहिलंय’ म्हणणारा माणूस रागाच्या भरात ‘ती कधी ऐकायचीच नाही’ म्हणून जातो. इंग्रजी लेखकाला जन्मात मिळणार नाही अशी ही सोय आहे.

वाचनकट्ट्याचं निघालंच आहे तर सांगते. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जायची, लोक घरात कंटाळायचे, आणि देवघेवीत रहस्यकादंबऱ्याच जास्त. म्हणून आम्ही शनिवारी संध्याकाळी एकच प्रत मोठ्यानं वाचायचो, तीन प्रकरणं, मग पुस्तक कपाटात आणि कपाटाची किल्ली माझ्या कमरेला. आठवडाभर कोणालाही पुढचं वाचता येत नसे. एका कादंबरीत बंद खोलीत खून झाला होता. दाराला आतून कडी, खिडक्यांना गज. आम्ही सगळे छप्पर, भुयार, दुसरी किल्ली असं काय काय सुचवत होतो. सुतारकाम करणारे एक गृहस्थ कधी बोलायचे नाहीत, ते म्हणाले, "हें दार भायर उगडटा न्हय?" मी मागचं प्रकरण काढून पाहिलं. खरंच, तिसऱ्या प्रकरणात नोकर दार बाहेर ओढून उघडतो. ते म्हणाले, मग बिजागऱ्या बाहेरच्या अंगाला. बिजागरीची सळई ठोकून काढली की दार त्या बाजूनं सुटतं, कडीला हातही लावावा लागत नाही; काम झालं की सळई परत बसवायची. लेखकाचं उत्तर होतं खिडकीतून आत सोडलेला दोरा. आमच्या मेस्तांचं उत्तर जास्त बरोबर होतं.

त्या दिवसापासून मी प्रत्येकाला सांगते: तुला जे माहीत आहे ते बाहेर चपलांपाशी ठेवून पुस्तकात शिरू नकोस. तू कुडचड्याची आहेस, नदीकाठची. तुझ्या आजोबांना विचार, भरती कधी येते. तिथीची तीन चतुर्थांश वेळ, हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब. चतुर्थी म्हणजे चार. चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. तीनच्या सुमारास भरती, आणि सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, नदीत आत शिरलं की भरतीला उशीर होतो, पण सुगाव्याला पुरतो. आता एखाद्या कादंबरीत कोणी म्हणाला, ‘चवथीच्या दिवशी दुपारी तीनला खाडीच्या तोंडाशी पाणी घोट्याएवढं होतं, मी चालतच पलीकडे गेलो’, तर पुण्या-मुंबईचा वाचक पान उलटेल. तू उलटू नकोस. त्या वेळी तिथे छातीएवढं पाणी असतं. एकतर माणूस खोटं बोलतोय, नाहीतर लेखकानं समुद्र पाहिलेला नाही. दुसरंच जास्त वेळा निघतं, ही गोष्ट वेगळी.

मृत्युपत्राचंही तेच. गोव्यात घडणाऱ्या कादंबरीत श्रीमंत भाटकार, म्हणजे बागायतींचा मालक, रागावतो, मुलीचं नाव काढून सगळी इस्टेट पुतण्याच्या नावे करायला निघतो आणि त्याच रात्री मारला जातो. हे कथानक माझ्या हातून किती वेळा गेलं असेल! पण आपल्याकडचा कौटुंबिक कायदा १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला, आणि वारसाहक्काचा भाग आता २०१२ च्या गोव्याच्या कायद्यात आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता नवरा-बायकोची निम्मी-निम्मी. मुलं असतील तर आपल्या निम्म्यातला निम्माच भाग मृत्युपत्रानं दुसऱ्याला देता येतो. म्हणजे कोटीची इस्टेट असेल तर पन्नास लाख बायकोचे, आणि भाटकार कितीही चिडला तरी पुतण्याला पंचवीसच लाख देऊ शकतो. नुसत्या रागापोटी मुलीला तो बेदखल करूच शकत नाही, मग ती बापाला कशाला मारेल? तीच गोष्ट पुण्यात घडली तर स्वकमाईचं सगळं पुतण्याला देता येतं आणि हेतू पक्का उभा राहतो. गोव्यात खरा हेतू हवा असेल तर तो सहीत शोधायचा. घर किंवा भाट विकायचं तर नवरा-बायको दोघांची संमती लागते. एक सही अडून बसली की काय काय होतं, ते कुठल्याही नोटरीच्या बाहेरच्या बाकावर बसून ऐक. यावर अजून कोणी धड कादंबरी लिहिलेली माझ्या हाती पडली नाही, ही माझी तक्रार आहे.

प्रेताच्या बाबतीत लेखक थंड देशांतले आकडे उचलतात. ‘अंग गार पडलंय, म्हणजे तीन तास झाले.’ आपल्या मे महिन्यातल्या दुपारी, पंख्याविना बंद खोलीत हवाच तेहतीस-चौतीस अंश असते आणि शरीर सदतीस. ते गार होणार कुठून? देह ताठरण्याची क्रिया उलट उन्हाळ्यात लवकर सुरू होते. आणि शेवटी खुनी पोलिसांसमोर दोन पानं कबुली देतो, सगळे सुटकेचा श्वास घेतात. पोलिसांपुढची ती कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालतच नाही. हे मी मनातल्या मनात म्हणते आणि पुढे वाचते. कोर्टातल्या कारकुनांना मात्र अशी पुस्तकं पूर्ण करताना मी पाहिलेलं नाही. गोव्यावर बाहेरून येऊन लिहिणाऱ्यांचा नायक तर पणजीहून पाळोळ्याला वीस मिनिटांत पोचतो, सत्तरेक किलोमीटर! त्यांच्या गोव्यात किनारा सोडून काही नसतं. सत्तरी नाही, सांगे नाही, मराठी वाचणारं एक माणूस नाही.

तर, अर्ध्यावर खुनी कळला असं वाटलं की पुस्तक मिटू नकोस. चिठ्ठीवर तीन गोष्टी लिही: नाव, पान क्रमांक, आणि का. हे ‘का’ प्रामाणिकपणे लिही. ‘फार गोड बोलतो म्हणून’ हे कारण धरलं जात नाही. मग पुढची पानं आपण लेखकाच्या खांद्यावरून वाकून बघतोय अशी वाच: आता हा माझं लक्ष कोणाकडे वळवतोय, ही नवी साक्ष त्यानं आत्ताच का आणली. नाव बरोबर आणि कारण चुकलेलं असेल तर आमच्या कट्ट्यावर गुण मिळत नसत. मी स्वतः असे गुण फार कमी मिळवलेत.

आईचं काय. तिला विचार, तिच्या घरात कोणी बाबूराव अर्नाळकर वाचायचं का. झुंजार आणि काळा पहाड या त्यांच्या नायकांच्या मागे धावत मराठीत किती लोक वाचायला शिकले, याचा हिशेब नाही. पुढे गुरुनाथ नाईकांचे कॅप्टन दीप आणि गोलंदाज आले. अर्नाळकर आणि नाईक, दोघांनीही हजाराच्या वर पुस्तकं लिहिली, त्यामुळे सगळीच चांगली असतील असं मी म्हणणार नाही. पण आमच्या वाचनालयात ज्यांचं वाचन तिथून सुरू झालं, तेच पुढे जाड चरित्रं न्यायला आले. उलटा प्रवास मी पाहिलेला नाही. त्याहून जास्त वाद आईशी घालू नकोस.

सुरुवात लघुकथांनी कर. एका बैठकीत संपतात, त्यामुळे शेवट आधी बघायचा मोह आवरता येतो. मग एका घरात, सात-आठ माणसांत घडणारी बारीक कादंबरी घे. देश-विदेशांत उड्या मारणाऱ्या, दर प्रकरणाला नवा खलनायक आणणाऱ्या जाड कादंबऱ्या नंतर. मालिका असेल तर पहिलं पुस्तक आधी. मागच्या आवरणावरचा मजकूर शक्यतो वाचू नकोस, प्रकाशकाला गुपित पोटात ठेवता येत नाही. तुझ्या जवळच्या वाचनालयात नसेल तर पणजीला पाट्टोवर मध्यवर्ती ग्रंथालय आहेच, १८३२ पासूनचं. जाऊन एक दिवस बस.

आणि आमच्याकडे आलीस तर डाव्या हाताच्या दुसऱ्या कपाटात एक लाल बांधणीची कादंबरी आहे. तिच्या पहिल्याच पानावर कोणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय: ‘खुनी डॉक्टर’. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. खोडरबर घेऊन बसले, मग विचार केला, आता कळलंच आहे तर वाचून तरी टाकू. दोन दिवस मी डॉक्टरच्या प्रत्येक शब्दावर पाळत ठेवली. तो कधी आला, बॅग कुठे ठेवली, हात का धुतले, सगळं चिठ्ठीवर उतरवलं. बाकी कोणाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

डॉक्टर खुनी नव्हता. ती ओळ मी खोडलेली नाही.